बटणाचे जपयंत्र : आधी नाव, मग खूण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती अंकासाठी यंदा काहीतरी उपयोगाचे लिहा, असे मंडळाने सांगितले. तत्त्वज्ञानावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी लोहारा तालुक्यातल्या शाळांमधून तेहतीस वर्षे गणित शिकवले आणि रोज सकाळी हजेरी घेतली. म्हणजे मोजणे हाच माझा धंदा. म्हणून आज मोजणीबद्दलच लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या बोटात हल्ली अंगठीसारखे एक छोटे यंत्र दिसते. आरतीच्या आधी बाकावर बसलेली मंडळी अंगठ्याने त्याचे बटण दाबत असतात. कोणी त्याला काउंटर म्हणते, कोणी जपयंत्र. ते कसे चालते, त्याचा फायदा काय, त्याने मी कसा फसलो आणि शेवटी त्यानेच मला काय शिकवले, ते क्रमाने सांगतो.

यंत्र आहे तरी काय?

याचे दोन प्रकार. पहिला जुना, लोखंडी. मुठीत मावेल एवढी डबी, वर अंगठ्याने दाबायचा दांडा आणि आत चार चाके. प्रत्येक चाकावर ० ते ९ अंक. दांडा दाबला की दातेरी चाक एक दात पुढे सरकते. नवावरून शून्यावर येताना ते शेजारच्या चाकाला ढकलते. एकं, दहं, शतं, सहस्र ही शाळेतली पाटीच आहे ती. ९९९९ नंतर पुन्हा चार शून्ये. १०८ च्या हिशेबाने ९२ माळा झाल्या की यंत्र भरत आले म्हणायचे. याला सेल लागत नाही आणि पडले तरी सहसा बिघडत नाही.

दुसरा प्रकार प्लास्टिकचा, बोटात पट्ट्याने घालायचा. मोठे बटण मोजायचे, बारीक बटण शून्य करायचे. आत गोल चपटा सेल असतो. बटणाखाली रबराची टोपी असते. ती दाबली की दोन तारा टेकतात आणि आकडा एकाने वाढतो. यात पाच अंक मावतात, ९९,९९९ पर्यंत. पण सेल संपला किंवा काढला की बहुतेक यंत्रांतली मोजणी पुसली जाते. म्हणून रोजचा आकडा रोज वहीत उतरवावा. बटण जुने झाले की एका दाबात दोन मोजते. महिन्यातून एकदा हाताशी माळ घेऊन मण्यागणिक एकदा दाबावे आणि १०८ येतात का पाहावे.

घरात नातवंडे असतील तर एक गोष्ट कानात ठेवा. तो चपटा सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. बघू, सकाळपर्यंत पडेल, असे म्हणायचे नाही. तडक दवाखाना गाठायचा. देवघरात हे यंत्र मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये, आणि जुना सेल खिडकीत टाकून देऊ नये.

यंत्राआधीची मोजणी

मोजणी आपल्याला परकी नाही. यंत्र नव्हते तेव्हा पेरे होते. करमाळेची रीत माझ्या आजीने मला शिकवली. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करायची, मग तिचे तळचे पेर. नंतर करंगळीची तीन पेरे खालून वर. मग अनामिकेचे टोक, मधल्या बोटाचे टोक, आणि शेवटी तर्जनीची तीन पेरे वरून खाली. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे हा मेरू, तो ओलांडायचा नाही. दहा झाले की डाव्या हाताचे एक पेर. असे दहा वेळा केले की शंभर, आणि वर आठ. शेतात खुरपायला गेलेली बाईसुद्धा विसाव्याला बसून एवढा जप करायची. विकत काही आणावे लागत नव्हते.

त्यानंतर माळ. १०८ मणी आणि मेरूमणी. १०८ च का, याची उत्तरे बरीच आहेत. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८. बारा राशी आणि नऊ ग्रह, म्हणजे १०८. आणखी एक हिशेब मला गणिताच्या दृष्टीने फार आवडतो. आपल्याकडे माणसाचे दिवसरात्रीचे श्वास २१,६०० धरले आहेत. दिवसाची मिनिटे १,४४०. भागून पाहा, मिनिटाला बरोबर १५ येतात. आजचे डॉक्टरही मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले श्वास मिनिटाला १२ ते २० सांगतात. जुनी माणसे काही उगाच आकडे ठोकून देत नव्हती. निम्मे श्वास कामाधामाला सोडले तर उरतात १०,८००, म्हणजे शंभर माळा.

माळेची एक खुबी बटणात नाही. पुष्कळ घरांत एक माळ झाली की शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, घाईत अर्धवट उच्चारलेल्या नामांसाठी सोडून देतात. म्हणजे हिशेबातच आपल्या चुकीला जागा ठेवलेली आहे. यंत्र एकही सोडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सव्वा लाखाचा संकल्प

तीन वर्षांपूर्वी गुरुपौर्णिमेला आमच्या मंदिरात सामुदायिक जपाचा संकल्प झाला. आषाढी पौर्णिमा ते मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा ते दत्तजयंती. जप प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींचा अठरा अक्षरी. मी सव्वा लाख सांगितले. मास्तर असल्यामुळे लगेच हिशेबही मांडला. पाच चांद्रमास म्हणजे सुमारे १४८ दिवस. रोजचे ८४५ आले. ८ माळा केल्या तर ८६४ होतात आणि भागते. पण माळेला शंभरच धरले तर आठ माळांनी एक लाख अठरा हजारांवर थांबते, नऊ कराव्या लागतात. मी यंत्राचा हिशेब धरला, कारण त्यात एक माळ वाचत होती. आज वाटते, गडबड तिथूनच सुरू झाली.

एका नामाला सरासरी तीन सेकंद. एक माळ साडेपाच मिनिटांची, आठ माळा पाऊण तासाच्या. हे काही अवघड नाही. अक्कलकोटला गेलो होतो तेव्हा साठ रुपयांना बोटातले यंत्र आणले. पहिला महिना छान गेला. गुडघ्यांमुळे मला मांडी घालून फार वेळ बसवत नाही. यंत्रामुळे खुर्चीत, ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत जप होऊ लागला. रिकामा वेळ कारणी लागला. हा यंत्राचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारणार नाही. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, ज्यांना मणी सरकवता येत नाही, त्यांना तर हा आधारच.

मग सोयाबीनची काढणी आली. ताप आला. भाच्याचे लग्न निघाले. नऊ दिवस बुडाले. आकडा मागे पडला आणि माझे लक्ष नामावरून आकड्यावर गेले. रात्री झोपताना देवाची मूर्ती डोळ्यांपुढे यायची ती हळूहळू येईनाशी झाली. वहीतली बेरीजच दिसू लागली.

खोटी हजेरी

कार्तिकात एकदा लोहाऱ्याहून उमरग्याला निघालो होतो. एसटीत बसताना यंत्र शून्यावर आणले. शेजारी ओळखीचे शेतकरी होते. सोयाबीनला भाव नाही, तुरीवर अळी, माकणीच्या धरणात पाणी किती, असे बोलणे रंगले. उमरग्याच्या स्टँडवर उतरलो आणि बोटाकडे पाहिले. आकडा होता ९१२.

मी सगळा रस्ता बोलत होतो. जीभ सोयाबीनवर होती आणि अंगठा आपला चालू होता.

त्या वेळी बारीक बटण दाबून शून्य करायला हवे होते. केले नाही. मनाला म्हणालो, आत कुठेतरी चालूच असेल की. रात्री वहीत ९१२ लिहिले. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी माझी बेरीज १,२५,३७६ भरली. फळ्यावर माझे नाव वर आले, श्रीफळ मिळाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते ९१२ काढले असते तर सव्वा लाख पुरे झालेच नसते. हे ठाऊक असलेला मांडवात मी एकटाच होतो.

गणिताच्या मास्तराला हे किती लागते ते मास्तरालाच कळेल. हजेरीत आधी नाव घ्यायचे, 'हजर' ऐकायचे, मग खूण करायची. वर्गात नसलेल्या पोराची खूण करणे म्हणजे खोटी हजेरी. तेहतीस वर्षांत मी ती कधी केली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातल्या कोणालाच सांगावी लागत नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमारास, सास्तूर-किल्लारीकडची गावे जमिनीला टेकली. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी जुना पट उघडला. काही नावांपाशी पेन थांबले. गैरहजर लिहवेना आणि नाव गाळवेना. त्या दिवशी मला कळले होते की पटावरची खूण ही नावामुळे असते. एकूण संख्या खाली लिहायची ती नंतर. एवढे कळलेला माणूस देवाच्या दारात मात्र नाव न घेता ९१२ खुणा करून आला होता.

महिनाभर हे मनात खुपत राहिले. शेवटी जपाची नोंद ठेवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो आणि सांगितले, "माझ्या नावातले ९१२ वजा करा."

ते म्हणाले, "गुरुजी, आता समाप्ती झाली. देवाला वाहिलेलं परत कसं घ्यायचं?"

"मग पुढच्या वर्षी आधी ९१२ भरीन, आणि नंतर एकपासून मोजायला लागेन."

ते जरा वेळ वहीकडे बघत बसले. मग वही मिटून हळूच म्हणाले, "तसं असंल तर माझे किती वजा करायचे, ते मला तर आठवतबी न्हाई."

आम्ही दोघेही हसलो. पण घरी येताना मला हलके वाटले. पुढच्या गुरुपौर्णिमेला पहिले ९१२ मी माळेवर केले, डोळे मिटून, आणि माळेला शंभरच धरून.

दुसरे बटण

खरा धडा यानंतरचा आहे.

आमच्या सौ.ना तीन-चार वर्षांपासून कमी ऐकू येते. एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढतो आणि त्याबरोबर शब्दही वाकडे होतात. मी काही शिव्या देत नाही. पण 'कान आहेत का भोकं', 'राहू दे, तुला सांगून उपयोग नाही', हे रोजचे झाले होते. एके दिवशी जप करताना त्या चहाचे विचारायला आल्या. मी हातानेच 'जा' केले, कारण मोजणी चुकली असती. जप संपल्यावर चहा कुठे म्हणून खेकसलो. त्या जवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "आवं, देवाचं समदं मोजून ठिवता. माझ्यावर खेकसलेलं कुणी मोजावं?"

मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून आणखी एक यंत्र आणले आणि डाव्या खिशात ठेवले. ठरवले, सौ.शी वाकडे बोललो की एकदा दाबायचे. माझा अंदाज होता, दिवसाला एखादे होईल. पहिल्या आठवड्याची बेरीज ४१ आली.

मी वहीकडे बघत राहिलो. एकेचाळीस. मला त्यातले दहासुद्धा आठवत नव्हते. आपले दोष आपल्याला दिसत नाहीत याचे कारण ते लहान असतात हे नव्हे. ते घडतात आणि लगेच विसरले जातात. बटण विसरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात ३३, तिसऱ्यात २९. दिवाळीत पाहुणे आले, चौथ्यात पुन्हा ३०. पाचव्यात १९. मी काही वेगळे व्रत केले नव्हते. नुसते मोजत होतो. खिशाकडे हात गेला की पुढचा शब्द निम्म्यात थांबायचा. वहीत मी वेळही लिहीत होतो. सहा आठवड्यांनी पाहिले तर निम्म्याहून अधिक खुणा संध्याकाळी सहा ते आठमधल्या होत्या. त्या वेळी टीव्ही चालू असतो आणि मी बाहेरच्या खोलीतून आत ओरडून सांगत असतो. म्हणजे कान त्यांचा कमी होता हे खरे, पण जागेवरून न उठण्याची सवय माझी होती. मी उठून त्यांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असे उभे राहून बोलू लागलो. निम्मी भांडणे तिथेच मिटली.

मग सुचले ते आणखी आधी सुचायला हवे होते. धाराशिवला नेऊन कान तपासले. उजव्या कानाला यंत्र बसले. चार वर्षे मी ज्यावर चिडत होतो त्यावर उपाय होता, आणि मी तो शोधला नव्हता. या गोष्टीची मात्र मोजणी करता येत नाही.

सौ. आता यंत्र लावतात. परवा म्हणाल्या, "तुम्ही लई वरडायला लागलाव की ह्ये काढून ठिवता येतंय, त्येवढं बरं हाय."

इतरांनीही हे केले आहे

मी काही नवे केले नाही. अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात एक छोटी वही केली होती. तेरा गुण ठरवले होते : मिताहार, मौन, नीटनेटकेपणा वगैरे. प्रत्येक पानावर आठवड्याचे सात रकाने आणि तेरा ओळी. दिवसभरात ज्या गुणाला चुकले त्या ओळीत काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांनी एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. पुसून पुसून वहीला भोके पडू लागली तेव्हा ठिपके हस्तिदंती पट्ट्यांवर पेन्सिलने करायला लागले. आपल्यात वाटले होते त्याहून जास्त दोष निघाले, असे त्यांनी आत्मचरित्रात कबूल केले आहे. माझ्या एकेचाळीसला तेवढाच एक सोबती.

पुढे १९६८ साली ऑग्डेन लिंडस्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती छापून सांगितली. गोल्फ खेळणारे टोले मोजायला मनगटावर घड्याळासारखा मोजक बांधतात. तोच वर्तन मोजायला वापरावा, असे त्याचे म्हणणे. नंतर अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसले की माणूस स्वतःची एखादी सवय मोजू लागला की पुष्कळदा ती सवय मोजण्यानेच बदलू लागते. कायमची बदलते असे नाही, पण सुरुवात होते.

आकड्याने माणूस कसा बांधला जातो, याचेही एक उदाहरण आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून आपण चालायला जातो आणि 'दहा हजार पावले' असे ऐकतो. हा आकडा मुळात दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मोजक' असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि साधारण ७,५०० च्या पुढे जास्तीचा लाभ दिसेना. तेव्हा गुडघे दुखत असताना दहा हजारांसाठी अंगणात फेऱ्या मारून लंगडत बसू नये.

कसे वापरावे

माझ्या अनुभवातून सात गोष्टी सांगतो.

१. आधी नाव, मग बटण. उच्चार पूर्ण झाल्यावरच दाबावे. अंगठा पुढे आणि जीभ मागे असे झाले की समजावे, खोटी हजेरी लागते आहे.

२. शंका आली की सोडून द्यावे. शंभराचा आकडा मोडून अलीकडच्या शंभरावर यावे. माळेतल्या आठ मण्यांची ती सोय यंत्रात आपण आपल्या हाताने करायची.

३. बोलत असताना, जेवताना, टीव्हीसमोर यंत्र खिशात ठेवावे. रस्ता ओलांडताना, गाडीवर बसताना तर नकोच.

४. रोज झोपण्यापूर्वी आकडा वहीत उतरवावा आणि मगच शून्य करावे. वही एकच असावी आणि ती आपल्यापुरती असावी. फळ्यावर नाव लागले की बटण लवकर दाबले जाते, हे मी भोगून सांगतो.

५. दोष मोजायचा असेल तर एका वेळी एकच घ्यावा आणि तो स्पष्ट ठरवावा. 'राग' असे मोघम नको, 'सुनेला टाकून बोललो' असे हवे. तंबाखू सोडायची असेल तर चिमूट तोंडात टाकण्याआधी दाबावे. घडले की लगेच दाबायचे, रात्री आठवून भरायचे नाही. सोबत वेळ लिहावी, कारण रोगाचे मूळ बहुधा वेळेत सापडते.

६. वाढलेला आकडा पाहून स्वतःला कोसू नये, कमी झालेला चारचौघांत सांगू नये. आठवड्यातून एकदा पाहावे, रोज नाही.

७. दुसऱ्याचे दोष मोजायला हे यंत्र कधीही वापरू नये. घरातल्या माणसाच्या हातात तर आपल्या दोषांचे बटण मुळीच देऊ नये. दोन दिवसांत दोन यंत्रे मोडतील.

बटणाचे आणखी एक यंत्र आता घरोघर आहे, रक्तदाबाचे. त्यालाही हाच नियम. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, हात छातीच्या उंचीला ठेवावा, मग बटण दाबावे. एका मिनिटाने पुन्हा घ्यावे आणि दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत. चांगला आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबत बसणे हीसुद्धा खोटी हजेरीच.

अवधूताचे कांकण

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांनी १५७३ मध्ये काशीत पुरे केलेल्या एकनाथी भागवतामुळे ते मराठी माणसाच्या घरात आले. त्यात एक गुरू कुमारिका आहे. घरात पाहुणे आलेले, ती एकटी साळी कांडते आहे आणि हातातली कांकणे वाजताहेत. घरची गरिबी पाहुण्यांना कळू नये म्हणून ती एकेक कांकण उतरवते. दोन उरली तरी वाजतात. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. अवधूताने त्यातून एकांताचा बोध घेतला.

तो संन्याशाचा बोध. आपण गृहस्थ. आपल्या हातात दोन कांकणे राहणारच, आणि ती एकमेकांवर आपटणारच. मग आपल्याला त्या मुलीपासून काय घेता येईल? मला वाटते, तिचे कान. कांडता कांडता तिला स्वतःच्याच हातातला आवाज ऐकू आला. आपल्याला दुसऱ्याचा ऐकू येतो. ज्याने पृथ्वीपासून कोळ्यापर्यंत सगळ्यांना गुरू केले, त्याच्या भक्ताने साठ रुपयांच्या बटणापासून एवढे शिकायला लाजू नये.

यंदा गुरुचरित्राच्या सप्ताहात मी जपाचे यंत्र देव्हाऱ्यात ठेवून देणार आहे आणि माळ घेणार आहे. संकल्पाचा आकडा यंदा मी कोणाला सांगितलेला नाही. डाव्या खिशातले यंत्र मात्र सप्ताहातही बरोबर असेल. गेल्या आठवड्याची बेरीज तीन आहे. शून्य अजून एकदाही आलेले नाही. वहीत तीन लिहिताना सौ. शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "चार हाईत. मंगळवारचं इसरलाव."

मी चार लिहिले.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥